दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.
ब्रॅडफर्डच्या चढावर, तळघरातल्या प्रयोगशाळेत,
साडेआठ ते साडेचार,
पेन्शन धरून.

आजची दाढ एका पोरीची.
बसस्टँड वाढवताना जुनं कबरस्तान उकरलं, तिथली.
पेटीवर नाव नव्हतं. आमच्या वहीत आकडा आहे: एकशे चौदा.
वय सतरा-अठरा. गिरणीत असावी;
पुढच्या दातांना सूत तोडून तोडून खाच पडलीय.

दाढ आम्लात ठेवली
की काही दिवसांत रबरासारखी मऊ होते.
मग शेंड्यापासून मुळापर्यंत चकत्या, एकेक मिलिमीटर,
भेंडी चिरावी तशा, फक्त श्वास रोखून.
एक चकती म्हणजे आयुष्याचे आठ-नऊ महिने.
कथलाच्या इवल्या कपात प्रत्येकीची पुडी बांधायची
आणि मशीनला द्यायची, जाळायला.

हाडं विसरभोळी. जुनं टाकतात, नवं घेतात.
दात मात्र खाल्ल्या मिठाला जागतो.

दुपारी रेषा आल्या.
पहिल्या दोन चकत्यांत नायट्रोजन वर:
अंगावर पीत होती,
आईपेक्षा एक पायरी उंच बसून.
मग उतार. बटाटा, ताक, पुन्हा बटाटा.
आणि सातव्या वर्षी एकाएकी पुन्हा चढ.

"मांस मिळालं वाटतं," नवा पोरगा रोरी म्हणाला.
मॉरीन ऑकरॉइडनं चष्मा कपाळावर सरकवला.
"कार्बन बघ, खाली चाललाय.
ही स्वतःलाच खातेय."

अंगावर पिणं आणि अंग खाणं:
नायट्रोजनला दोन्ही सारखंच.

पुढच्या चकतीत कार्बनची उडी.
मका. आयर्लंडातल्या शेतात तेव्हा कुठला मका?
अमेरिकेहून जहाजानं आलेलं पिवळं पीठ,
धर्मादाय कढईतलं.
अंगी लागलं तिच्या.
कुठे लागलं, तेही बोट ठेवून दाखवता येतं.

बाहत्तर साली माझी बहीण शेवंता दहा वर्षांची होती.
मी नव्हतेच; मी चौऱ्याहत्तरची.
मंगळवेढ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम, खडी,
दुपारी सुकडी, आणि घरी लाल मिलो,
तीही अमेरिकेचीच. म्हैस हुंगून तोंड फिरवायची म्हणे.
एवढंच सांगायची.
भुकेबद्दल विचारलं की
तव्यावरची भाकरी उलटायची.

मिलो ज्वारीच्याच जातीची.
शेवंताच्या रेषेत उडी दिसलीच नसती,
ज्वारीवर ज्वारी.
दिसला असता तर तो आधीचा चढ.

माझी अक्कलदाढ इथेच काढली.
मी ती गुपचूप मशीनला घातली होती.
ज्वारी, ज्वारी, ज्वारी. सपाट, सुखी रेषा.
"अख्ख्या ब्रॅडफर्डात अशी दाढ नाही," मॉरीन म्हणाली.
ती सपाट राहावी म्हणून
कुणी अर्ध्यावर हात धुतला,
ते त्या रेषेत नाही.

गेल्या वैशाखात दोन विमानं बदलून पोचले
ती थेट सावडायलाच.
राखेत तिचे दोन दात दिसले, खडूसारखे पांढरे.
चिमटीत धरले
आणि पीठ झालं.
कोलॅजन जळून गेलं की दात बोलत नाही.
तसं मशीनही जाळतंच.
पण जळताना कान देऊन असतं.

चार वीस. रोरी कप विसळतोय.
एकशे चौदाची उरलेली अर्धी दाढ कुपीत घातली;
पुढच्या महिन्यात तिला पुन्हा पुरतील,
पाद्री येणार आहे.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे कुणी काही लिहीत नाही.
मी लिहिलं, मराठीत, पेन्सिलीनं:
वाचली.